सुनेच्या माहेरचा पाणचक्कीवाला : सतराव्या शतकातील जर्मन पूर्वजाचा शोध

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहणारा निवृत्त शिक्षक आहे. माझा मुलगा नोकरीनिमित्त जर्मनीत स्टुटगार्टजवळ असतो आणि त्याने तिथल्याच मुलीशी लग्न केले आहे. गेल्या वर्षी नातू झाला. आमचे मूळ गाव भुदरगड तालुक्यात असून, सुगीनंतर गावात येणाऱ्या हेळव्याने सांगितलेली आमच्या घराण्याची नऊ पिढ्यांची वंशावळ मी वहीत उतरवून ठेवली आहे. नातवासाठी दोन्ही घराण्यांची माहिती एकत्र करावी, असे मनात आहे. सुनेच्या माहेरी टाइप केलेला एक जुना कागद आहे. तो तिच्या पणजोबांनी १९३० च्या दशकात तयार करून घेतला होता. त्यात सर्वांत वर वुर्टेम्बर्गमधल्या एका गावच्या माणसाची नोंद आहे : नाव योहान, पुढे ‘मोलिटर’ असा शब्द, मृत्यू १६९१, वय ६८ वर्षे ४ महिने. तो पहिला धरला तर माझी सून अकरावी पिढी. त्याचे आईवडील कोण आणि तो मूळचा कुठला, हे कागदात नाही. इंटरनेटवर त्याच गावातल्या म्युलर घराण्याची वंशावळ मिळाली आणि ती थेट १५४० पर्यंत जाते. ती आमच्या कागदाला जोडता येईल का? शिवाय एक कंपनी पैसे घेऊन घराण्याचे ढालीवरचे मानचिन्ह पाठवते. ते मागवावे का?

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. इंटरनेटवरची ती वंशावळ आपल्या कागदाला आत्ता जोडू नये. ‘मोलिटर’ हा लॅटिन शब्द आहे आणि त्याचा अर्थ पाणचक्कीवाला, म्हणजेच जर्मन भाषेतला ‘म्युलर’. त्या काळचे पाळक, म्हणजे गावच्या चर्चचे धर्मगुरू, लॅटिन शिकलेले असत आणि नोंदवहीत माणसाचा धंदा बऱ्याचदा लॅटिनमध्ये लिहीत : लोहाराला ‘फाबर’, शिंप्याला ‘सार्टर’, विणकराला ‘टेक्स्टर’, शेतकऱ्याला ‘अग्रिकोला’. काही शिकलेल्या घराण्यांनी तर अशी लॅटिन रूपे आडनाव म्हणूनच घेतली. त्यामुळे आपल्या कागदावरचे ‘मोलिटर’ हे त्या माणसाचे खरे आडनाव आहे, म्युलर या आडनावाचे पाळकाने केलेले लॅटिन रूप आहे, की आडनाव दुसरेच असून हा नुसता त्याचा धंदा आहे, हे मूळ नोंद पाहिल्यावाचून ठरत नाही. त्याच्या मुलाच्या नावापुढे कागदात कोणते आडनाव आहे, हे आपण लिहिलेले नाही. तेवढे आज रात्री मुलाला फोन करून विचारून घ्यावे. आणि समजा ते म्युलरच निघाले, तरी एकाच गावात म्युलर नावाची परस्परांशी संबंध नसलेली दोन-तीन घराणी असणे ही जर्मनीत अगदी नेहमीची गोष्ट आहे. आपल्या भुदरगडातल्या एखाद्या गावात पाटील आडनावाच्या चार घरांची कुळे चार असू शकतात, तसेच हे आहे. नाव आणि गाव जुळले म्हणून दोन वंशावळी जोडणे ही या शोधातली सर्वांत मोठी चूक आहे आणि इंटरनेटवरच्या कित्येक जर्मन वंशावळी अशाच जोडणीने १६०० च्या मागे गेलेल्या असतात.

आता त्या टाइप केलेल्या कागदाविषयी. तो कधी झाला, याला महत्त्व आहे. जर्मनीत ७ एप्रिल १९३३ रोजी सरकारी नोकरांसंबंधी जो कायदा झाला, त्यानंतर आपण ‘आर्य’ वंशाचे आहोत हे सिद्ध करण्यासाठी लाखो माणसांना आईवडिलांचे आणि आजीआजोबांचे जन्माचे व लग्नाचे दाखले जमवावे लागले, आणि ते नोंदवण्यासाठी ‘आनेनपास’ नावाच्या छापील पुस्तिका निघाल्या. एसएस या नाझी संघटनेत शिरणाऱ्याला १८०० पर्यंतचे आणि अधिकाऱ्याला १७५० पर्यंतचे पूर्वज दाखवावे लागत. याच सक्तीपोटी ज्यू कुटुंबे वेगळी काढली गेली आणि पुढे त्यांचे काय झाले, हे आपण जाणताच. सुनेच्या पणजोबांचा कागद सक्तीचा होता की हौसेचा, हे मला त्यावरून सांगता येणार नाही. पण तो विषय व्याह्यांकडे काढताना हे मनात असू द्यावे. कोल्हापुरात आपण वंशावळ अभिमानाने भिंतीवर लावतो. तिकडच्या एखाद्या घरात त्याच दशकातला तसला कागद ही कपाटाच्या तळाशी ठेवलेली, न बोललेली गोष्ट असू शकते. विहीणबाईंना आधी विचारावे आणि मगच त्याची प्रत मागावी. शोधाच्या दृष्टीने पाहता अशा कागदातला अलीकडचा भाग पाळकाच्या किंवा नोंदणी कार्यालयाच्या शिक्क्याच्या दाखल्यांवरून केलेला असल्याने बऱ्यापैकी भरवशाचा असतो. त्यामागचा भाग मात्र कुणीतरी घाईत वाचून उतरवलेला असू शकतो. म्हणून हा कागद वाट दाखवणारा समजावा आणि प्रत्येक पिढीची मूळ नोंद स्वतः पाहावी.

ही पडताळणी अलीकडून मागे करत जावी. संपूर्ण जर्मन साम्राज्यात सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी १ जानेवारी १८७६ पासून सुरू झाली. सध्याच्या कायद्याप्रमाणे जन्माची नोंद ११० वर्षांनी, लग्नाची ८० वर्षांनी आणि मृत्यूची ३० वर्षांनी सर्वांना पाहण्यासाठी खुली होते. त्याहून अलीकडच्या नोंदींसाठी सुनेने किंवा तिच्या आईवडिलांनी स्वतः अर्ज करावा लागेल. १८७६ च्या मागे चर्चच्या नोंदवह्या. वुर्टेम्बर्ग आपल्या दृष्टीने भाग्याचा प्रदेश आहे, कारण तिथे १८०८ पासून प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र पान देणारी कुटुंब-नोंदवही ठेवली गेली. त्या एका पानावर नवरा, बायको, दोघांचे आईवडील आणि सगळी मुले एकत्र दिसतात. त्याही मागे बाप्तिस्मा आणि लग्न यांच्या वह्या आहेत. तिथल्या ल्यूथरन, म्हणजे प्रोटेस्टंट पंथाच्या, मंडळीत त्या ठेवण्याचा आदेश १५५८ मध्ये निघाला. रोमन कॅथलिक चर्चने ट्रेंटच्या धर्मसभेत तो १५६३ मध्ये दिला आणि मृत्यूच्या नोंदींची भर १६१४ मध्ये घातली. म्हणजे आपला पाणचक्कीवाला जन्मला तेव्हा वही ठेवण्याची पद्धत दोन पिढ्यांची जुनी झाली होती. वुर्टेम्बर्गच्या ल्यूथरन वह्यांची छायाचित्रे आर्किऑन या संकेतस्थळावर वर्गणी भरून पाहता येतात आणि कॅथलिक गावांच्या पुष्कळशा वह्या मात्रिकुला या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. गाव लहान असेल तर त्याची स्वतःची वही नसून ते शेजारच्या मोठ्या गावच्या चर्चला जोडलेले असू शकते. ते कोणत्या मंडळीत मोडत होते हे आधी काढावे, नाहीतर चुकीच्या वहीत महिने जातात. वळिवड्याच्या छावणीत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात राहिलेल्या पोलिश कुटुंबांची मुले-नातवंडे कोल्हापुरात आली, तेव्हा त्यांच्याही हाती सर्वांत मोलाची गोष्ट होती ती जागेचे नेमके नाव.

१६९१ ची मृत्यूची नोंद मिळाली की ती घाईने वाचू नका. टाइप करणाऱ्याने तिच्यातल्या दोन-तीन ओळी गाळलेल्या असण्याची शक्यता मोठी आहे आणि आपल्याला हवे ते कदाचित त्या ओळींतच असेल. पाळक अशा नोंदीत माणूस मूळचा कुठला, गावात कधी आला, पाणचक्की कोणाकडून घेतली, हेही कधीकधी लिहून ठेवत. वय वर्षे-महिन्यांत दिलेले असेल तर जन्मतारीख वजाबाकीने काढता येते. आपल्या बाबतीत ती १६२३ च्या आसपास येते. मात्र म्हाताऱ्या माणसाचे वय घरच्यांनी सांगितले तसे लिहिले जाई, म्हणून बाप्तिस्म्याची वही १६१८ ते १६२८ अशी पाहावी.

तारखांच्या बाबतीत एक खाचखळगा आहे. कॅथलिक संस्थानांनी १५८० च्या दशकात नवे, म्हणजे आज आपण वापरतो ते ग्रेगरीय पंचांग घेतले. ल्यूथरन संस्थाने जुन्याच पंचांगावर राहिली आणि १७०० साली १८ फेब्रुवारीनंतर एकदम १ मार्च मोजून तीही त्यात आली. तोवर दोन शेजारगावांत दहा दिवसांचे अंतर होते. मोडी कागद वाचताना शक, शुहूर सन आणि फसली यांचा मेळ घालावा लागतो, तसाच हा प्रकार आहे. आपल्या पूर्वजाचा जन्म आणि मृत्यू दोन्ही ल्यूथरन गावात झाले असतील तर तारखा बदलू नयेत, जशा आहेत तशाच वजा कराव्यात. शेजारच्या कॅथलिक गावातली नोंद जुळवायची वेळ आली तरच दहा दिवस धरावेत. महिन्यांची नावेही संक्षेपाने येतात. ७ चा आकडा काढून पुढे ‘बर’ लिहिले असेल तर तो सातवा महिना जुलै नसून सप्टेंबर आहे, कारण लॅटिनमध्ये ‘सप्टेम’ म्हणजे सात; तसेच ८ म्हणजे ऑक्टोबर, ९ म्हणजे नोव्हेंबर आणि १० म्हणजे डिसेंबर. काही पाळक तारीख न देता सणाचे नाव देतात. मार्टिनी म्हणजे ११ नोव्हेंबर आणि मिखाएलिस म्हणजे २९ सप्टेंबर, हे दोन दिवस ध्यानात ठेवावेत. खंड आणि भाडी चुकती करण्याचे ते दिवस असल्याने पाणचक्कीच्या कागदांत ते वारंवार येतील.

खरी अडचण यापुढे आहे, आणि १६२३ या सालामुळे ती आपल्या पूर्वजाच्या बालपणातच येऊन पडते. १६१८ ते १६४८ हे तीस वर्षांच्या युद्धाचे दिवस. १६३४ मध्ये नर्डलिंगनजवळ स्वीडिश आणि प्रोटेस्टंट सैन्याचा मोठा पराभव झाला. जुन्या पंचांगाप्रमाणे तो दिवस २७ ऑगस्ट आणि नव्याप्रमाणे ६ सप्टेंबर. त्यानंतर विजयी सैन्य वुर्टेम्बर्गभर पसरले, तिथला ड्यूक स्ट्रासबुर्गला पळाला, लुटालूट आणि जाळपोळ झाली आणि पाठोपाठ प्लेग आला. त्या प्रदेशाने निम्म्याहून अधिक माणसे गमावली. कित्येक गावांच्या चर्चच्या वह्या त्याच वेळी जळाल्या आणि नव्या वह्या त्यानंतरच सुरू झाल्या. आपला योहान तेव्हा अकरा वर्षांचा मुलगा असेल. गावाची जुनी वही शिल्लक असेल तर तो तिथेच सापडेल. नसेल, तर दोन शक्यता उरतात : एक, तो तिथलाच, पण नोंद नष्ट झालेला, दुसरी, तो बाहेरून आलेला. युद्धानंतर ओस पडलेल्या गावांत वस्ती करायला स्वित्झर्लंडमधून, विशेषतः बर्न आणि झुरिचच्या मुलखातून, पुष्कळ कुटुंबे आली, आणि नोंदवहीत त्यांच्या नावापुढे ‘श्वाइट्सर’ किंवा गावाचे नाव लिहिलेले आढळते. म्हणून योहानच्या लग्नाची नोंद मृत्यूच्या नोंदीपेक्षाही महत्त्वाची आहे. तिच्यात वराच्या वडिलांचे नाव आणि गाव येण्याचा संभव असतो. वडिलांच्या नावाआधी ‘वाइलांड’ हा शब्द असेल तर तो आपल्या ‘कै.’सारखा आहे, म्हणजे लग्नाच्या वेळी वडील हयात नव्हते.

वही जळाली असली तरी शोध संपत नाही, कारण पाणचक्की ही मालमत्ता होती. मजुराचा मागमूस राहत नाही, पाणचक्कीवाल्याचा राहतो. चक्की बहुतेक वेळा संस्थानिकाची, मठाची किंवा सरदाराची असे आणि ती वंशपरंपरागत पट्ट्याने दिली जाई. त्यामुळे कोणी, कधी, किती खंडाने ती घेतली याची नोंद जमिनीच्या आणि खंडाच्या वह्यांत असते. वुर्टेम्बर्गमधली आणखी एक चांगली गोष्ट म्हणजे सोळाव्या शतकाच्या मध्यापासून लग्नाच्या वेळी आणि मृत्यूनंतर घरातल्या सगळ्या चीजवस्तूंची यादी करून वाटणी लिहून ठेवण्याचा कायदा होता. अशा यादीत शेत आणि गाईपासून गादी, भांडी, कपडे आणि बायबलपर्यंत सगळे येते, आणि वारस कोण व परस्परांचे कोण, हेही येते. १६९१ नंतरची योहानची वाटणी सापडली तर त्याची हयात मुले, सावत्र मुले आणि जावई एका कागदावर दिसतील. माझ्या मते या संपूर्ण शोधातला सर्वांत मोलाचा कागद तोच ठरेल, आणि तो बहुधा त्या गावाच्या किंवा नगराच्या दप्तरखान्यात असेल. मुलाने शनिवार-रविवारी न जाता कामाच्या दिवशी आधी पत्र लिहून जावे. १६४० च्या दशकात वुर्टेम्बर्गच्या गावागावांत पाळक आणि पंच यांची नीतिसभा सुरू झाली. रविवार न पाळणे, शिवीगाळ, नवरा-बायकोची भांडणे असल्या तक्रारी तिच्या इतिवृत्तात लिहिल्या आहेत. चक्कीवाला हा गावात सगळ्यांशी व्यवहार असलेला माणूस; त्याचे नाव तिथे आले तर त्याचा स्वभावसुद्धा कळेल. १५४० पर्यंत जाण्याची आपली इच्छा असेल, तर १५४४-४५ च्या तुर्की युद्धकराच्या याद्या आणि शस्त्र धरू शकणाऱ्या पुरुषांच्या हजेरीपटांच्या याद्या स्टुटगार्टच्या मुख्य सरकारी दप्तरखान्यात आहेत. त्या आडनाव गावात होते एवढेच सांगतात. बाप-लेकाचे नाते त्या सिद्ध करत नाहीत.

लिपीची भीती बाळगू नये. त्या काळची कुरेंट लिपी आजच्या जर्मन माणसालाही वाचता येत नाही. १९४१ मध्ये ती शाळांतून गेली, त्यामुळे आपले व्याहीही इथे मदत करू शकतीलच असे नाही. जो मोडी शिकला आहे त्याला हा अनुभव परका वाटणार नाही. इथे ‘ए’ हे अक्षर ‘एन’सारखे दिसते, ‘यू’वर ओळखीसाठी एक कमान काढलेली असते, आणि नावे मात्र बऱ्याचदा वेगळ्या, सुबक लॅटिन वळणात लिहिलेली असतात. कोल्हापुरात २०२३ नंतर कुणबी नोंदी शोधताना ज्यांनी गाव नमुना १४ आणि मोडी रुमाल चाळले, त्यांना एकाच लिहिणाऱ्याचे वीस-पंचवीस पानांचे अक्षर वाचले की डोळा कसा सरावतो, हे माहीत आहे. इथेही तेच करावे. आधी अलीकडच्या, माहीत असलेल्या नोंदी वाचाव्यात, त्या स्वतः गिरवाव्यात आणि मग मागे जावे. पाळक बदलला की अक्षर बदलते, तिथे पुन्हा थांबावे. नात्याचे शब्दही सावधपणे घ्यावेत. ‘फेटर’ म्हणजे आज चुलत-मावस भाऊ, पण जुन्या नोंदीत तो बहुतेक आपल्या ‘भाऊबंद’ या शब्दाइतका सैल असतो. एकाच नावाच्या दोघांना ‘थोरला’ आणि ‘धाकटा’ म्हटले असेल तर ते बाप-लेक असतीलच असे नाही.

दोन्ही घराणी एका वहीत कशी मांडावीत, याबद्दल एक सूचना. हेळव्याची वंशावळ वरून खाली, बापाकडून मुलाकडे येते, आणि तिच्यात लेकी-सुना सहसा नसतात. जर्मन पद्धत खालून वर जाते. १५९० मध्ये मिखाएल आयत्सिंगर याने वापरलेली आणि १८९८ मध्ये श्टेफान केकुले फॉन श्ट्राडोनित्स याने रूढ केलेली क्रमांकांची रीत अशी आहे की ज्याची वंशावळ त्याला १, वडिलांना २, आईला ३, आणि पुढे प्रत्येकाच्या क्रमांकाची दुप्पट म्हणजे त्याचे वडील, दुप्पट अधिक एक म्हणजे आई. नातू १ धरला तर आपला मुलगा २, आपण ४, आपल्या सौ. ५, सून ३ आणि व्याही ६. कागदावरची साखळी सरळ बापाकडून बापाकडे जात असेल तर पाणचक्कीवाल्याचा क्रमांक ३०७२ येतो. त्या रांगेत नातवाच्या पूर्वजांसाठी २०४८ जागा आहेत आणि योहान त्यांतला एक आहे. त्याच रांगेतल्या १०२४ जागा आपल्या भुदरगडच्या बाजूच्या आहेत. हेळव्याने सांगितलेल्या पिढ्यांना आपण वेगळ्या शाईने लिहावे, कारण ती पिढ्यान्‌पिढ्या जपलेली मौखिक साक्ष आहे आणि चर्चची नोंद ही त्या दिवशी लिहिलेली साक्ष आहे. दोन्ही मोलाच्या आहेत, पण वाचणाऱ्याला कोणती कुठली ते कळले पाहिजे. योहानच्या वर नाव मिळाले नाही तर ती चौकट रिकामी ठेवावी.

मानचिन्ह मागवू नये. जर्मनीत ते विशिष्ट माणसाला आणि त्याच्या वंशजांना असते, आडनावाला नसते.

प्रश्न : मी कोल्हापुरात जर्मन शिकणारी विद्यार्थिनी आहे. जुन्या नोंदींच्या छायाचित्रांत एकाच घरातल्या पुरुषाचे आडनाव ‘म्युलर’ आणि स्त्रीचे ‘म्युलरिन’ दिसते, आणि एकाच आईबापांना ‘आना मारिया’ नावाच्या दोन मुली दिसतात. ही चूक आहे का?

उत्तर : चूक नाही. त्या काळी स्त्रीच्या आडनावाला ‘इन’ हा प्रत्यय लागे. सूचीत शोधताना तो काढून शोधावे. नावांचेही तसेच. पहिली मुलगी दगावली की पुढच्या मुलीला तेच नाव ठेवण्याची रीत होती. पहिल्या आना मारियाच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी समासात छोटा क्रूस काढलेला दिसला, तर ती मूल असतानाच गेली असण्याची शक्यता मोठी आहे आणि लग्नाची नोंद दुसरीच्या नावाने शोधावी. मृत्यूची वही उपलब्ध असेल तर तिथे खात्री करून घ्यावी. क्रूस नसेल आणि मृत्यूची नोंदही मिळत नसेल, तर मात्र दोघी हयात होत्या का, हे पुढच्या बाप्तिस्म्यांत साक्षीला राहिलेल्या धर्मआयांच्या नावांतून पाहावे लागते, कारण तिथे गावातल्या लग्न न झालेल्या मुलींचीही नावे वडिलांच्या नावासह लिहिली जात.